अकरावीचे विषय निवडताना: फॉर्म भरण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

दहावीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न असतो, "कोणतं कॉलेज मिळेल?" विषयांचा प्रश्न निघतो थेट कॉलेजच्या खिडकीवर. मागे रांग असते आणि आतून विचारणा होते, "आयटी की मराठी? मॅथ्स घेणार की भूगोल?" मुलगा आईकडे बघतो, आई शेजारच्या मुलाच्या फॉर्मकडे बघते आणि त्याने टिक केलं तेच आपणही करतो. दोन वर्षांनी सीईटीच्या किंवा पदवीच्या पात्रतेचं पान उघडल्यावर कळतं की हवा तो विषय आपल्याकडे नाहीच.

बहुतेकांचं इथे क्रमामुळे बिघडतं. आधी कॉलेज, मग शाखा, मग मित्र आणि शेवटी विषय, असा क्रम लागतो. तो उलटा हवा. आधी कोणत्या वाटा उघड्या ठेवायच्या ते ठरवायचं, मग मुलाला काय झेपतं ते पाहायचं, त्यातून विषयांचा गट बांधायचा आणि तो गट देणारं कॉलेज सर्वात शेवटी शोधायचं. पुढचं सगळं महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीसाठी आहे. सीबीएसईतून दहावी करून इकडे येणाऱ्यांनाही ते बहुतेक लागू पडतं.

## तयारी: परीक्षा संपल्यापासून निकालापर्यंत

हे काम निकालानंतर करायला वेळ उरत नाही. परीक्षा संपली की आठ दिवस मुलाला मोकळं सोडा आणि मग हे जमवा:

- दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका, निदान गणित भाग १ व २ आणि विज्ञान भाग १ व २ च्या. शाळेने परत दिल्या असतील तर रद्दीत घालू नका.
- अकरावीची पाठ्यपुस्तकं. बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळतात, लगेच विकत घ्यायची गरज नाही.
- मुलाच्या डोक्यात असलेल्या तीन-चार अभ्यासक्रमांची यादी. "इंजिनिअरिंग किंवा मग बघू" एवढीच असली तरी चालेल.
- जाण्यायेण्याच्या अंतरातल्या कॉलेजांची नावं. ही आत्ता फक्त लिहून ठेवा, अजून वापरायची नाहीत.

## १. आधी सांगाडा समजून घ्या

बारावीची परीक्षा ६०० गुणांची असते. प्रत्येकी १०० गुणांचे सहा विषय. इंग्रजी सक्तीचं, दुसरी जागा भाषेची आणि उरलेल्या चार ऐच्छिक विषयांच्या. याशिवाय पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण हे दोन विषय श्रेणीचे. ते करावेच लागतात, पण निवडीत त्यांचा विचार करायचा नाही.

म्हणजे खऱ्या अर्थाने हातात असलेल्या जागा पाच. त्यातही शाखा ठरली की दोन-तीन आपोआप भरतात. सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री जवळपास ठरलेलेच असतात आणि कॉमर्सला बीके (पुस्तपालन), इको (अर्थशास्त्र), ओसी (वाणिज्य संघटन). खरी निवड उरते ती दोन-तीन जागांची, आणि घोळ नेमका त्याच जागांवर होतो.

भाषेच्या जागी मराठी, हिंदी, संस्कृत किंवा परदेशी भाषा घेता येते, किंवा कॉलेजमध्ये सोय असेल तर माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आयटी. बायफोकल, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स यांसारखा व्यावसायिक विषय, घेतला तर तो एकटाच २०० गुणांचा असतो आणि दोन जागा खातो: भाषेची एक आणि ऐच्छिक विषयाची एक. हे वाक्य दोनदा वाचा. "बायफोकल घेऊ आणि बायोलॉजीही ठेवू" म्हणणाऱ्या घरात ही बेरीज कोणी केलेली नसते. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि इंग्रजी झाल्यावर बायफोकलने उरलेल्या दोन्ही जागा घेतल्या, आता बायोलॉजी बसवणार कुठे?

तपासा: कागदावर सहा ओळी आखा. पहिल्या ओळीत इंग्रजी लिहा. बाकीच्या पाच ओळी मुलाने स्वतः, कोणाला न विचारता भरायच्या. भरता आल्या नाहीत तर सांगाडा अजून कळलेला नाही.

## २. कोणता विषय सोडला की कोणती वाट बंद होते

"काय घेतलं तर काय करता येईल" हा प्रश्न न संपणारा आहे. त्यापेक्षा "काय सोडलं तर काय करता येणार नाही" हे विचारा. ती यादी छोटी आणि पक्की असते.

गणित सोडलं तर: महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही लागतात, त्यामुळे ती वाट बंद. आर्किटेक्चरचंही तेच. मर्चंट नेव्हीच्या पदवी अभ्यासक्रमांना फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवेत. एनडीएतून नौदल किंवा हवाई दलात जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सशिवाय अर्ज चालत नाही. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राची ऑनर्स पदवी करायची असेल तर तिथेही गणित मागतात. अर्थशास्त्र आर्ट्सचा विषय, त्याला गणित कशाला, असं समजून चालणाऱ्यांना हा धक्का असतो.

बायोलॉजी सोडली तर: नीटचा रस्ता बंद. नीट म्हणजे फक्त एमबीबीएस नाही. आपल्याकडे डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यक आणि फिजिओथेरपीचे प्रवेशही नीटवरच होतात. नर्सिंगच्या पदवीला नीट नसली तरी बायोलॉजी लागतेच.

दोन्हींपैकी एक असलं तरी चालतं: फार्मसी. फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर मॅथ्स किंवा बायोलॉजी, काहीही चालतं. बीएस्सी ॲग्रीचंही तसंच. "फार्मसी करायची आहे म्हणून चारही विषय घेतले" असं कोणी सांगितलं की वाईट वाटतं, कारण त्या मुलाने एक अख्खा विषय विनाकारण ओढलेला असतो.

काहीच बंद होत नाही: पाच वर्षांचं लॉ, डिझाइन, फाइन आर्ट, हॉटेल मॅनेजमेंट, सीए आणि यूपीएससी-एमपीएससीच्या राज्यसेवेसारख्या पदवीवर होणाऱ्या परीक्षा. यांना शाखेचं बंधन नाही. केवळ यूपीएससीसाठी म्हणून नको असलेलं आर्ट्स घेणं किंवा केवळ लॉसाठी म्हणून कॉमर्स घेणं, दोन्ही तितकंच निरर्थक.

सावधान, पात्रता आणि पेपर वेगवेगळे असतात. एनडीएच्या भूदल शाखेसाठी कुठल्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी अर्ज करू शकतो. पण लेखी परीक्षेत ३०० गुणांचा गणिताचा पेपर सगळ्यांनाच असतो. सीए फाउंडेशनला आर्ट्सवालाही बसू शकतो, मात्र तिथला तिसरा पेपर गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा, १०० गुणांचा आहे. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण ५० टक्के हवेत, वर या तिसऱ्या पेपरात चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. नियमाने वाट उघडी असते, पण चालायला पाय लागतात.

आणखी एक बारीक गोष्ट. पात्रतेची टक्केवारी बहुधा सहा विषयांवर काढत नाहीत. नीटसाठी खुल्या गटाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के लागतात. मराठीतले ९० तिथे उपयोगाचे नाहीत. उलट जेईईतून एनआयटी किंवा आयआयटीत जायचं तर बारावीला पाच विषयांत ७५ टक्के (अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांगांना ६५) किंवा मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. त्या पाचांत तीन मुख्य विषय, एक भाषा आणि आणखी एक विषय धरतात. म्हणजे "तो सहावा विषय काय, कसाही निघेल" म्हणणाऱ्या जेईईवाल्यांनी सावध राहावं. तो "आणखी एक" चांगल्या गुणांचा असायला हवा.

तपासा: मुलाच्या यादीतल्या प्रत्येक अभ्यासक्रमासमोर "यातला कोणता विषय नसेल तर अर्जच चालणार नाही" ते लिहा. दोन-तीन अभ्यासक्रमांना समान असलेला विषय सांगाड्यात आधी बसवा.

## ३. गुणपत्रिका नको, उत्तरपत्रिका वाचा

दहावीच्या गुणपत्रिकेवरचा आकडा फुगलेला असतो. प्रत्येक मुख्य विषयात २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, आणि ते बहुतेक शाळांत भरभरून मिळतात. म्हणून आधी ते वजा करा.

समजा एका मुलीला गणितात ८२ आहेत. अंतर्गतचे २० काढले तर उरले ८० पैकी ६२. आता पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका समोर घ्या. भाग १, म्हणजे बीजगणितात, ४० पैकी ३६ आणि भाग २, म्हणजे भूमितीत, २६ दिसले. बहुतेक पालक इथेच म्हणतात, भूमिती कच्ची आहे पण बीजगणित पक्कं, चालेल. थांबा. भूमितीच्या पेपरातच त्रिकोणमिती आणि निर्देशक भूमिती असते. अकरावीचं सायन्सचं गणित उघडून बघा: कोन व त्याचं मापन, मग त्रिकोणमितीची दोन प्रकरणं, पुढे सरळ रेषा. म्हणून गेलेले १४ गुण कुठे गेले ते पाहायला हवं. वर्तुळाच्या सिद्धतांत आणि रचनांमध्ये गेले असतील तर फार काळजी नाही. त्रिकोणमितीत गेले असतील तर जूनच्या आधी ते प्रकरण पुन्हा करून घ्या, नाहीतर पहिल्या घटक चाचणीतच मुलगी "मॅथ्स मला जमत नाही" असं ठरवून मोकळी होईल.

उलटं चित्र जास्त धोक्याचं. भूमितीत ३५ आणि बीजगणितात २४ असतील तर मॅथ्सइतकंच फिजिक्सही जड जाणार, कारण अकरावीच्या फिजिक्सचं दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींचं आहे. सदिश, विकलन, संकलन सगळं तिथेच येतं. "गणित नको म्हणून बायोलॉजी घेतली" म्हणणाऱ्या मुलांना फिजिक्समध्ये गणित भेटतंच.

विज्ञानाचंही असंच. भाग १ मध्ये गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, प्रकाश, रासायनिक अभिक्रिया. भाग २ मध्ये आनुवंशिकता आणि जीवनप्रक्रिया. दोन्हींतले गुण वेगवेगळे लिहिले की पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) की पीसीबी (मॅथ्सऐवजी बायोलॉजी) या वादात अर्धा निकाल लागतो. दोन्ही भागांत गुण बरे असूनही मुलाला भाग २ "पाठ करावा लागतो म्हणून" नकोसा वाटत असेल, तर तेही लिहून ठेवा. बायोलॉजीत आकृत्या, नावं, वर्गीकरण असतंच, त्याला पर्याय नाही.

सावधान: मराठी माध्यमातून दहावी केलेल्या मुलांसाठी सायन्समध्ये खरा अडथळा बहुधा इंग्रजीतून शिकवण्याचा असतो, विषयाचा नंतर. सेमी-इंग्रजीवाल्यांना ही उडी छोटी पडते. पूर्ण मराठी माध्यम असेल तर उन्हाळ्यात दहावीचंच विज्ञान इंग्रजी पुस्तकातून एकदा वाचून काढा, नवीन काही नको. मुलं हुशार असूनही दिवाळीपर्यंत गप्प बसतात ती याच कारणाने.

## ४. प्रत्येक संशयित विषयाचा एक धडा

हा टप्पा लोक सर्वात जास्त टाळतात, आणि सर्वात जास्त कळतं ते यातूनच. कल चाचण्या, समुपदेशन हे सगळं ठीक आहे. पण ज्या विषयाबद्दल खात्री नाही त्याचा अकरावीच्या पुस्तकातला एक धडा मुलाने स्वतः करून बघण्याइतकी चांगली चाचणी नाही.

पद्धत साधी आहे. एका विषयाला तीन दिवस. पहिल्या दिवशी धडा वाचायचा. दुसऱ्या दिवशी सोडवलेली उदाहरणं झाकून पुन्हा सोडवायची, किंवा वाचनाचा विषय असेल तर पुस्तक मिटून मुद्दे लिहायचे. तिसऱ्या दिवशी स्वाध्यायातले निम्मे प्रश्न. क्लास नाही, व्हिडिओ नाही. अडलं तर घरातल्या कोणाला तरी विचारायचं.

कोणता धडा घ्यायचा? फिजिक्ससाठी गणिती पद्धती. मॅथ्ससाठी त्रिकोणमितीचं पहिलं प्रकरण. बायोलॉजीसाठी वनस्पतिसृष्टीचं वर्गीकरण, कारण ते कोरडं आहे आणि कोरडा भाग झेपला तर पुढचा झेपतोच. कॉमर्ससाठी रोजकीर्द, म्हणजे जर्नल. नावे-जमा कळायला लागलं की बीके आवडतं आणि नाही कळलं की दोन वर्षं छळतं. आर्ट्ससाठी तर्कशास्त्र किंवा मानसशास्त्राचा धडा मुद्दाम घ्या, कारण हे विषय दहावीपर्यंत भेटलेलेच नसतात आणि मुलांच्या मनातली त्यांची कल्पना मोबाइलवरून आलेली असते.

तिसऱ्या दिवशी उत्तरं किती बरोबर आली याला कमी महत्त्व द्या. बसून किती वेळ झाला, आणि चौथ्या दिवशी पुस्तक आपणहून उघडलं का, हे पाहा.

## ५. गट बांधा

आता सहा ओळींचा तो कागद पुन्हा घ्या. संतुलन म्हणजे थोडं हे, थोडं ते अशी मिसळ नव्हे. माझा ठोकताळा असा: सहांपैकी एकाच प्रकारची मेहनत मागणारे विषय तीनपेक्षा जास्त नकोत. गणिती सरावाचे, पाठांतराचे, लांब उत्तरं लिहायचे आणि प्रात्यक्षिकाचे असे चार प्रकार धरा. तीन गणिती विषयांनंतर चौथाही गणिती आला की संध्याकाळचा अभ्यास एकसुरी होतो आणि आधी ढासळतो तो मुलाचा सर्वात कच्चा विषय.

सायन्स. खरा प्रश्न एकच, पीसीएम, पीसीबी की पीसीएमबी? "दोन्ही दरवाजे उघडे राहू देत" म्हणून चारही घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे. काहींसाठी ते योग्यही असतं. पण आधी एक हिशेब करा. कॉलेज सहा तास, क्लास तीन, प्रवास दीड, झोप साडेसात, जेवण-आंघोळ वगैरे दोन. झाले वीस. स्वतःच्या अभ्यासाला उरले चार तास, तेही कोणी आजारी पडलं नाही आणि लग्न आलं नाही तर. त्या चारात चार जड विषय, भाषा आणि प्रयोगांच्या जर्नल्स. एमएचटी-सीईटीला पीसीएम आणि पीसीबी असे दोन वेगळे पेपर असतात आणि दोन्ही देता येतात. मात्र नीट आणि जेईई दोन्हींची तयारी एकाच वेळी झेपणारी मुलं फार थोडी. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्हीही खरोखर बरे निघाले असतील तरच चारही घ्या. एक स्पष्ट कच्चा निघाला असेल तर त्याच्या जागी भूगोल किंवा कॉलेजमध्ये असेल तो दुसरा विषय घेणं म्हणजे पळपुटेपणा नव्हे. भूगोलाला ८० लेखी, २० प्रात्यक्षिक. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला ७० आणि ३०.

भाषा की आयटी? आयटीची परीक्षा संगणकावर होते, पाठांतर कमी, गुण चांगले मिळतात. ज्याला लिहिण्याचा कंटाळा आहे त्याने आयटी घ्यावी. पण वाचायला आवडणाऱ्या मुलाने केवळ "सगळे घेतात" म्हणून मराठी सोडू नये. दिवसभर फिजिक्स झाल्यावर एक कविता वाचायला मिळणं हीसुद्धा विश्रांती असते, आणि तिचे गुणही मिळतात.

बायफोकल इंजिनिअरिंग पक्कं असेल तर उत्तम. कॉम्प्युटर सायन्सच्या २०० पैकी १०० गुण प्रात्यक्षिकांचे. मात्र जागा मोजक्या, फी बहुधा जास्त, आणि एकदा घेतलं की बायोलॉजी परत येत नाही.

कॉमर्स. बीके, इको, ओसी ठरलेले. निवड एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, आणि मॅथ्स यांच्यात. एसपी सोपी म्हणून ती घेण्याचा सल्ला सगळे देतात. सीए, सीएमए, संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र यांचा विचार असेल तर मॅथ्स घ्या. त्यात निर्देशांक, समाश्रयण, वार्षिकी, कमिशन-विमा असे पुढे रोज लागणारे भाग आहेत. बीकॉम करून घरचा व्यवसाय सांभाळायचा असेल आणि गणिताची खरोखर भीती असेल तर एसपी घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

सावधान: कॉमर्सचं गणित आणि सायन्स-आर्ट्सचं गणित हे मंडळाचे दोन वेगळे विषय आहेत. विषय सांकेतांक अनुक्रमे ८८ आणि ४०. ज्या अभ्यासक्रमाच्या पात्रतेत नुसतं "मॅथेमॅटिक्स" लिहिलंय तिथे कॉमर्सचं चालतं का ते आधी विचारून घ्या.

आर्ट्स. इथे उलटी चूक होते. सगळेच विषय लांब उत्तरांचे निवडले जातात: इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मराठी आणि वर हिंदी. परीक्षेत हात दुखतो आणि उत्तरं एकासारखी एक होतात. त्यात एक तरी वेगळ्या जातीचा विषय बसवा. नकाशे आणि प्रात्यक्षिकासाठी भूगोल, आकडे-आलेखांसाठी अर्थशास्त्र, नेमक्या छोट्या उत्तरांसाठी तर्कशास्त्र. आर्ट्समध्ये गणितही घेता येतं, देणारी कॉलेजं थोडी आहेत इतकंच.

तपासा: गट झाला की मुलाने सहाही विषयांसमोर "हा का?" याचं एक ओळीचं उत्तर लिहायचं. "अमुकने घेतलाय", "स्कोअरिंग आहे", "बाबा म्हणाले" अशी उत्तरं दोनपेक्षा जास्त आली तर पाचवा टप्पा परत. "स्कोअरिंग" हे एका विषयाला चालतं.

## ६. आता कॉलेज

दुसरा गटही तयार ठेवा, कारण सगळे गट सगळीकडे मिळत नाहीत. प्रत्येक कॉलेजला फोन न करता शक्यतो प्रत्यक्ष जाऊन पाच गोष्टी विचारा: हा नेमका गट मिळतो का, की विषयांच्या जोड्या ठरलेल्या आहेत? आयटीच्या आणि मॅथ्सच्या जागा किती, आणि त्या कशावर देतात? तुकडी अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित? प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकं आठवड्याला खरोखर होतात का? या विषयाला सध्या कायम शिक्षक आहे का?

शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. मानसशास्त्र माहितीपुस्तिकेत असतं आणि शिकवायला कोणी नसतं, असं होतं. दुपारी सुट्टीच्या वेळी बारावीच्या दोन मुलांना विचारा, खरं उत्तर तिथे मिळतं.

क्लास आणि कॉलेज जोडलेल्या ठिकाणी, जिथे कॉलेजला फक्त नाव असतं, तिथे प्रात्यक्षिकं नीट विचारा. सायन्सच्या तीन विषयांत मिळून ९० गुण लेखीबाहेरचे आहेत. प्रयोग न करता वर्षाअखेरीला जर्नल उतरवून काढलेल्या मुलाला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी व्हर्निअर धरता येत नाही.

## ७. ऑनलाइन फॉर्म

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पहिल्या भागात वैयक्तिक माहिती आणि गुण, दुसऱ्या भागात कॉलेजांचे पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा. लक्षात घ्या, फॉर्मवर तुम्ही निवडता ती शाखा, माध्यम आणि कॉलेज. विषय बहुतेक ठिकाणी प्रवेश घेताना कॉलेजात लिहून द्यावे लागतात. म्हणून सहावा टप्पा आधी.

पसंतीक्रमात पहिलं नाव टाकताना दहा वेळा विचार करा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. "बघू तरी मिळतं का" म्हणून तुमचा गट न देणारं नावाजलेलं कॉलेज पहिलं टाकलं आणि मिळालं, की अडकलात. क्रम तुमच्या इच्छेचाच लावा, कटऑफच्या भीतीने उलटापालटा करू नका. पण दहांपैकी शेवटची दोन-तीन नावं गेल्या वर्षीच्या कटऑफपेक्षा आरामात खालची असू द्या.

नियम, फेऱ्या आणि तारखा दर वर्षी थोड्या बदलतात. नव्या अभ्यासक्रम आराखड्यामुळे विषयांची रचनाही बदलू शकते. प्रवेशाच्या वर्षीचं परिपत्रक स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणारं नाही.

## ८. पहिले सहा आठवडे

विषय लिहून दिले म्हणजे काम संपलं नाही. पहिल्या महिन्यात मुलाला रोज "कसं चाललंय?" विचारू नका, उत्तर "बरं" असंच येतं. दर रविवारी सहा विषयांच्या वह्या एकदा चाळा. एखादी वही रिकामी दिसली की तो विषय अडलाय.

विषय बदलायचा असेल तर तो तेव्हाच. तुकड्या आणि प्रात्यक्षिकांच्या बॅचेस ठरल्या की कॉलेज हात वर करतं, आणि अकरावी झाल्यावर बदलायचा तर परवानग्यांचा फेरा मागे लागतो. बदलण्याआधी एक गोष्ट मात्र वेगळी काढा: विषय नकोय की शिक्षक? शिक्षक नको असेल तर क्लास, यूट्यूब, वरच्या वर्गातला दादा, काहीही उपाय चालतो, त्यासाठी विषय सोडू नये.

बारावीत मंडळाचं आवेदनपत्र भरलं जातं आणि त्यानंतर कॉलेज प्रीलिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची छापील यादी, दाखवून सही घेतं. ती घाईत करू नका. विषयांचे सांकेतांक एकेक करून बघा, विशेषतः गणित आणि आयटीचे. आयटीचा सांकेतांक शाखेगणिक वेगळा असतो आणि चुकीचा छापला गेला तर हॉलतिकिटावर तोच येतो.

बारावी झाल्यावर एखादा विषय राहिल्याचं कळलं तरी सगळं संपत नाही. मंडळाची परीक्षा "तुरळक विषय" म्हणून एकाच विषयासाठी देता येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून केलेली बायोलॉजीही नीटसाठी मान्य केली, त्यामुळे पीसीएमवाल्याला उशिरा डॉक्टर व्हावंसं वाटलं तरी वाट आहे. पण त्यात एक वर्ष जातं, आणि प्रात्यक्षिकं करू देणारं कॉलेज शोधायला आधी दोन-तीन चकरा होतात. तशी वेळ आलीच तर अर्ज भरण्याआधी विभागीय मंडळाच्या कार्यालयात बारावीची गुणपत्रिका घेऊन जा आणि कोणत्या कॉलेजमार्फत अर्ज जाईल ते तिथेच विचारून घ्या.